लेवटी हरवल्याची फिर्याद

ती घटना माझ्या मनात राहिली ती एका निळ्या प्लास्टिकच्या ड्रममुळे. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, हिऱ्यांचं पुडकं गिळून बसलेला कारागीरही पाहिला. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. ड्रम मात्र जिथल्या तिथे उभा आहे. या प्रकरणाबद्दल वर्तमानपत्रात आलं तेव्हा त्यात माझं नाव नव्हतं, म्हणून हे लिहायला बसलो असं कोणाला वाटलं तर खुशाल वाटू द्या. काही अंशी ते खरंही आहे.

सुरत जिल्ह्यातल्या समुद्राकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा पी.आय. होतो. हद्दीत खाडीकाठची पाच गावं, झिंग्यांचे तलाव, पांढरी खारट जमीन आणि लांबवर कारखान्यांची धुराडी. एका गावाच्या पुढ्यात चिखलात तिवरांचं रान होतं. तिथले लोक तिवराला चेर म्हणतात. हे रान आपोआप उगवलेलं नव्हतं. जुनं रान लोकांनी तोडून संपवलं होतं. पुढे उधाणाचं पाणी घरांच्या जोत्याला लागू लागलं, तेव्हा गावातल्या बायकांनी समिती केली आणि वन खात्याच्या मदतीनं, ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उतरून, एकेक बी खोचून ते पुन्हा उभं केलं. आठ-नऊ वर्षांत झाडं माणसाच्या डोक्यावर गेली होती. राखणीला समितीनं आपल्यातलीच एक बाई नेमली होती. पन्नाशीची, विधवा, कमी बोलणारी. चिखलातली मासळी हातानं धरून विकायची आणि रान सांभाळायची. गाव तिला काकी म्हणायचं. मीही इथे काकीच म्हणतो.

होळीनंतरच्या दिवसांत त्या रानाचा आतला अर्धा भाग पिवळा पडला. बाहेरचा, मोठ्या खाडीला लागून असलेला भाग हिरवागार, आणि आतली झाडं उभ्या उभ्या वाळत चाललेली. कुऱ्हाडीचा घाव कुठेच नाही. एका स्थानिक वर्तमानपत्रानं फोटो छापला. त्याच दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ठाण्याच्या फोनवर खबर आली.

बोलणारा पुरुष होता. स्वच्छ गुजराती, शांत आवाज. त्यानं सांगितलं की झाडांच्या मुळांत केमिकल ओतलं आहे, ओतणारी तीच राखणदार बाई, सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून आलेला निळा ड्रम तिच्या झोपडीमागे आहे, आणि समिती तिला काढणार होती म्हणून तिनं हा सूड घेतला. नाव, जागा, वस्तू, कारण, सगळं एका दमात. मी विचारलं, "तुम्ही कोण?" तो म्हणाला, "गामनो हितेच्छु," म्हणजे गावाचा हितचिंतक, आणि फोन ठेवला.

मला तेव्हाच खटकायला हवं होतं. माझं लहानपण बाजारात गेलं आहे. जो माणूस काही न मागता सगळा माल समोर मांडतो, त्याचा माल उलटून पाहायचा असतो. खबऱ्या काहीतरी मागतो, काहीतरी लपवतो, निदान घाबरतो तरी. हा माणूस यातलं काहीच करत नव्हता. पण अर्ध्या तासात वरिष्ठांचा फोन आला. त्यांच्यापर्यंतही तीच खबर गेली होती. "फोटो बघितलात ना? सोमवारपर्यंत अटक दाखवा." माझं डोकं तापलं. तापलं की मला पुढचं दिसत नाही, हे माझ्या घरचे सांगतील. मी जीप काढली.

झोपडी रानाच्या कडेला होती. मागे निळा ड्रम होता, अगदी सांगितल्याप्रमाणे. कारखान्याचं अर्धवट खरवडलेलं लेबलही होतं.

मी विचारलं, "यात काय आहे?"

"पाणी," काकी म्हणाली.

"कसलं पाणी?"

"पीवानुं."

पिण्याचं पाणी केमिकलच्या ड्रममध्ये, म्हणजे मला ती मूर्ख समजते, असं माझ्या डोक्यात गेलं. पंच बोलावले, नमुन्याची बाटली भरून सील केली, आणि उरलेला ड्रम मी स्वतः लाथेनं आडवा केला. सगळं पाणी चिखलात गेलं. गावातली वीस-पंचवीस माणसं पाहत होती. काकीनं पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"टँकर परवा येणार, साहेब," ती एवढंच म्हणाली.

ड्रम जीपच्या मागे टाकला. पंचनाम्याची प्रत तिला दिली नाही. घाईत राहून गेली असं मी पुढे चौकशीत सांगितलं. खरं म्हणजे द्यावीशी वाटली नव्हती.

ठाण्यात महिला पोलीस समोर बसवून मी तिचा जबाब घेतला. तीन तास. ओरडलो, टेबल आपटलं. मी प्रश्न केला की ती आधी माझा पट्टा पाहायची, मग टोपी, मग उत्तर द्यायची, आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर. ड्रम भंगारवाल्याकडून घेतला, गावात प्रत्येक घरी असाच ड्रम आहे, जाऊन बघा. समिती तिला काढणार होती का? नाही, विचारा. झाडं का मेली? यावर ती पहिल्यांदाच थोडं बोलली.

"ते तर मी सांगायला आले होते ने तुमच्याकडे. महिना झाला. लेवटी जती रई, ते सांगायला."

जती रई म्हणजे नाहीशी झाली, आणि लेवटी म्हणजे चिखलावर सरपटणारा, उड्या मारणारा छोटा मासा. कोकणात त्याला निवटी म्हणतात. सुरतेत लोक आवडीनं खातात.

माझ्या शेजारी आमचा जमादार उभा होता. जुना माणूस, मिशीला रोज तेल लावणारा. तो खाली पाहून हसला. हसला म्हणजे त्याला काहीतरी माहीत होतं. काकीला मी संध्याकाळच्या आत घरी पाठवलं, गाव सोडायचं नाही असं बजावून. मग जमादाराला समोर घेतलं.

"काय रे, कशाचं हसू?"

"काही नाही साहेब. आली होती खरी. म्हणत होती लेवटी गेली, फिर्याद घ्या. मी विचारलं, लेवटी मिसिंगमध्ये घेऊ की चोरीत? सगळं ठाणं हसत होतं. तुम्ही पण हसला होता, साहेब. चहा पीत होतात."

मला आठवेना. पण जमादार खोटं बोलत असावा असंही वाटेना. ठाण्याच्या रोजनाम्यात तिच्या येण्याची नोंद नव्हती. मग मी दारावरच्या पहारेकऱ्याचं भेट देणाऱ्यांचं रजिस्टर मागवलं. ठाण्यातली बाकी रजिस्टरं शहाणी माणसं लिहितात, त्यामुळे त्यांत हवं ते सापडतं. पहारेकऱ्याचं रजिस्टर कंटाळलेला माणूस लिहितो, म्हणून मी त्यावर भरवसा ठेवतो. एक महिना आणि दोन दिवस मागे तिचं नाव होतं, गावाचं नाव होतं, अंगठा होता. "कामाचे कारण" या रकान्यात एकच शब्द: लेवटी.

झाडांना विष घालणारी बाई, झाडं पिवळी पडायच्या आधी महिनाभर पोलीस ठाण्यात कशाला येईल? आणि महिनाभर आधी तिला काय दिसलं होतं, जे वन खात्याला दिसलं नाही आणि मला ऐकायचं नव्हतं?

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी, जमादार आणि वन खात्याचा एक रक्षक असे तिघे रानात शिरलो. खरं सांगायचं तर त्या रक्षकावरही माझा संशय होता, आणि जमादारावरही. नोंद मुद्दाम टाळली नसेल कशावरून? त्यामुळे दोघांना पुढे चालवलं. बाहेरच्या हिरव्या भागात चिखल मऊ होता, खेकड्यांची भोकं होती, लेवट्या पायाजवळून उड्या मारत होत्या. पन्नास पावलं आत गेलो आणि पायाखालचा आवाज बदलला. चिखल कोरडा, तडे गेलेला. तिवराची मुळं श्वास घ्यायला वर येतात, काड्या रोवल्यासारखी. त्यांच्या बुंध्याशी पांढरं मीठ चढलेलं. एकही लेवटी नाही.

रक्षक म्हणाला, "पाणी येत नाही इथे."

"समुद्र बाजूला आहे आणि पाणी येत नाही?"

"भरती एका लहान फाट्यातून आत येते, साहेब. तो फाटा पलीकडे झिंग्यांच्या तलावांमागून येतो."

तलावाच्या बाजूनं गेलो. फाट्याच्या तोंडाशी आडवा पाळा, म्हणजे मातीचा बांध, घातलेला होता. वरून चिखल थापला होता, गवताची ढेकळं लावली होती, लांबून नैसर्गिक काठ वाटावा असा. आता सगळं स्वच्छ दिसत होतं. तिवर तोडलं तर गुन्हा उघडा पडतो, बुंधे साक्ष देतात. पाणी तोडलं तर झाड आपोआप मरतं, मग जमीन पडीक दाखवायची आणि तलाव पुढे सरकवायचा. गावाच्या पुढ्यातली झाडांची भिंत मात्र गेली. पुढच्या पावसाळी उधाणाला ती घरं उभी राहिली असती की नाही, सांगता येत नाही.

त्या तलावांचा भाडेपट्टा एका माणसाच्या भाच्याच्या नावावर होता. माणूस सुरतेतला कापडाचा व्यापारी. पण पट्टा भाच्याचा आणि पाळ्यावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. तो म्हणणार, पूर्वीपासून आहे, गाववाल्यांनी घातला असेल, त्या बाईनंच घातला असेल.

जमादारानं काठीनं चिखल उकरला. आत पांढरी विणलेली पोती, रेतीनं भरलेली. मी एक बाहेर ओढायला वाकलो आणि हात आपोआप त्याच्या कोपऱ्यावर गेला. कोपऱ्याला कान होता.

इथे थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल. माझे वडील धुळ्याकडून यंत्रमागावर काम करायला सुरतेत आले. लिंबायतमध्ये एका खोलीत आम्ही सात जण. शाळा संपल्यावर मी रिंग रोडच्या एका मार्केटमध्ये साड्यांची पार्सलं शिवायचो. पोत्याचं तोंड दाभणानं शिवायचं, दोन्ही टोकांना मूठभर पोतं बाहेर सोडायचं आणि सुतळीनं आवळायचं. त्याला कान म्हणतात. हमाल कानाला धरून पार्सल उचलतो. आणि डाव्या कानावरची शेवटची गाठ प्रत्येक शिवणाऱ्याची वेगळी असते, म्हणजे पार्सल वाटेत उसवलं तर कोणाच्या हातचं ते मालकाला कळतं. माझी गाठ दुहेरी होती, टोक आत खुपसलेलं. त्या दाभणावर मी शिकलो, शिपाई झालो, खात्याच्या परीक्षा देत पी.आय. झालो. मला कोणी हात धरून वर आणलेलं नाही.

रेतीची पोती कोणी अशी शिवत नाही. मजूर तोंडाला दोरी गुंडाळतो आणि फेकतो. ही पोती ज्यांनी शिवली त्यांना दुसऱ्या प्रकारे पोतं बंद करताच येत नव्हतं. मी आठ-दहा पोती उकरून डावे कान पाहिले. तीन प्रकारच्या गाठी. तीन माणसं.

जमादारानं माझ्याकडे पाहिलं. "साहेब, हे तर तुमच्याकडचेच भाऊ दिसतात."

"गप्प बस आणि माप घे," मी म्हणालो. पण तो बरोबर होता. मार्केटांत पार्सलं शिवणारे बहुतेक आमच्या खानदेशातलेच.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत त्या व्यापाऱ्याच्या मार्केटला गेलो. सकाळी दहा ते दुपारपर्यंत टेम्पोत चढणाऱ्या पार्सलांचे डावे कान बघत उभा राहिलो. एका हमालानं विचारलं, "काका, कानात काय बघताय, बाळी घालायची का?" मी म्हणालो, माझं पार्सल हरवलं आहे. त्या व्यापाऱ्याच्या दुकानातून पार्सलं निघाली तेव्हा मला तिन्ही गाठी ओळीनं मिळाल्या.

शिवणारे तिघं खालच्या टपरीवर भेटले. मी आधी ओळख दिली नाही. अहिराणीत गाव विचारलं. त्यातल्या वयस्कानं मला निरखलं. "तुम्ही कोना शेतस?" म्हणजे तुम्ही कोणाचे. मी वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग खात्याचं कार्ड दाखवलं. त्यानं हातातली बशी खाली ठेवली.

"भाऊ, आम्हले काय माहीत," तो म्हणाला. "शेठनी सांगं, पुरना पाणी अडावाना पाळा शे. रविवारे मार्केट बंद ऱ्हास, तवय गऊत. गोण्या भऱ्यात, शिव्यात."

पुराचं पाणी अडवायचा पाळा. सुट्टीच्या दिवशी नेलं, गोण्या भरून शिवून घेतल्या. शेठनं बाहेरचा ठेकेदार लावला नाही, कारण बाहेरचा माणूस बोलतो. घरचे लोक घरात राहतात असं त्याला वाटलं. दुसरा, तरुण, माझ्यावर चिडला होता. "साहेब, आमनाच हात पकडशात का? शेठले कोन पकडी?" त्याचा प्रश्न खोटा नव्हता. शेठचा वकील पहिल्याच दिवशी सगळं या तिघांवर ढकलणार, हे मला दिसत होतं. मी तिघांचे जबाब साक्षीदार म्हणून दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेतले. लिंबायतमध्ये काही लोक अजूनही म्हणतात की मी आपल्या लोकांना वाचवलं, आणि काही म्हणतात की आपल्या लोकांची नोकरी घालवली. दोघांशी मी वाद घालत नाही.

शनिवारी शेठला बोलावलं. पांढरा सदरा, हातात दोन अंगठ्या, बोलणं मऊ. आवाज ऐकला आणि मला फोनवरचा हितेच्छू आठवला. पुढे कॉलची माहिती आली तेव्हा तो नंबर त्याच्या दुकानातल्या कारकुनाचा निघाला. पण त्या दिवशी माझ्या हातात ते नव्हतं.

मी काही विचारलं नाही. टेबलावर पाळ्यातलं एक पोतं रिकामं करून, शिवण तशीच ठेवून, आडवं टाकलं होतं. चहा मागवला. सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो, हे तोही जाणत होता आणि मीही. दोघं चहा पीत बसलो. जमादार दाराशी.

पोलीस ठाण्यात चिखलाचं पोतं समोर आलं तर माणूस काय करतो? नाक मुरडतो, खुर्ची मागे घेतो, विचारतो हे काय आहे. शेठनं कप खाली ठेवला, हात पुढे केला, डावा कान उचलला आणि अंगठ्यानं गाठ फिरवून पाहिली. तीस वर्षं रोज तो हेच करत आला होता. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं कान असा सोडला की जणू तो तापलेला होता.

"कोणाची आहे, शेठ?" मी विचारलं.

मी तिघांतल्या वयस्काचं नाव घेतलं. दाराशी जमादारानं घसा खाकरला.

"साहेब," शेठ हळू आवाजात म्हणाला, "आपण दोघं बाजारातली माणसं. काय ते बोलून घेऊ."

तो कशाबद्दल म्हणत होता ते मला कळलं, आणि ते मला नको होतं. पण बोलून घ्यायचं होतंच, कारण माझ्याकडे वेळ नव्हता. पाळा हा आता पुरावा होता. तो फोडायचा तर परवानगी, हरकत, वकील, स्थगिती. त्यात पावसाळा आला असता. रक्षकानं मला सांगितलं होतं की मंगळवारी अमावास्या, उधाणाची भरती, तेव्हा पाणी आत गेलं तर काही झाडं वाचतील, पुढच्या उधाणापर्यंत काही उरणार नाही. आणि शेठला कशाची भीती होती तेही मला ठाऊक होतं. आमच्याकडे आरोपीला त्याच्याच वस्तीतून पायी फिरवतात, लोक त्याला वरघोडा म्हणतात. तुरुंगाची त्याला तेवढी धास्ती नव्हती. रिंग रोडवरून, आपल्याच मार्केटच्या पायऱ्यांवरून, हमालांच्या समोर चालावं लागेल, याची होती.

"वरघोडा निघणार नाही," मी म्हणालो. "पाळ्याचा पंचनामा, फोटो, मोजमाप आज होईल. तो फोडायला तुमची आणि भाच्याची लेखी संमती आत्ता. काही हरकत नाही, कोर्टात जाणार नाही, असं स्वच्छ लिहून."

"आणि केस?"

"केस तर होणारच. तिचा सौदा नाही."

त्यानं पाऊण तास घासाघीस केली. भाच्याचं नाव वगळा, दोन दिवस द्या, अर्धाच पाळा फोडा. माझा आवाज एकदाच चढला आणि त्यानं सही केली. अटक मी रीतसर, ठाण्यातच दाखवली.

मंगळवारी सकाळी ओहोटीला, पंचांसमोर, वन खात्याच्या माणसांनी पाळा उकरला. मुद्देमाल म्हणून पोती मोजून घेतली. दुपार कलल्यावर भरती आली. आधी फाट्यात एक तपकिरी जीभ सरकत आली, मग उरलेली माती स्वतःच ढासळली आणि पाणी झाडांत घुसलं. भेगांमधून बुडबुडे निघत होते. गाव काठावर उभं होतं. काकी सगळ्यांच्या पुढे, कमरेवर हात ठेवून. मी जवळ जाऊन विचारलं, "वाचतील का?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीठ चढ्युं ते गया. बाकीनां जोईशुं."

ज्यांच्यावर मीठ चढलं ती गेली, बाकीची बघू. साधारण निम्मी वाचली. निम्मी आजही उभी आहेत, वाळलेली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगताना माझं डोकं अजूनही तापतं. आरोपीशी तडजोड केली, त्याला सौम्य वागणूक दिली, असा अर्ज माझ्याविरुद्ध गेला. चौकशी लागली. मला दोन महिन्यांत मुख्यालयात सामानाच्या भांडारावर बसवलं. बढतीची यादी निघाली तेव्हा माझं नाव "चौकशी प्रलंबित" म्हणून बाजूला. त्याच काळात गावात कार्यक्रम झाला, तिवर वाचवल्याबद्दल "संयुक्त पथका"चा सत्कार झाला. माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्यानं शाल घेतली. मला निमंत्रण नव्हतं. चौकशीत काही निघालं नाही, पण ते कळेपर्यंत मी निवृत्त झालो होतो. ज्या सौद्यामुळे झाडं वाचली तोच माझ्या सेवापुस्तकात डाग म्हणून राहिला.

निवृत्तीनंतर एकदा मी त्या गावात गेलो. खोटं कशाला बोलू, कोणीतरी दोन शब्द बरे बोलेल म्हणून गेलो. काकी आणि चार बायका मेलेल्या झाडांच्या मधल्या जागेत नव्या बिया खोचत होत्या.

"ओळखलं का, काकी?"

तिनं मला बुटांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "ओळख्या ने. ड्रमवाळा साहेब."

बाकीच्या बायका हसल्या. मला राग आला. मी म्हणालो, "पाळा फोडला तो नाही आठवत?"

"पाळा तर भरतीनं फोडला," काकी म्हणाली. "ड्रम तुम्ही नेला. अजून आला नाही."

तेव्हा मला कळलं की त्या उन्हाळ्यात तिनं आणि तिच्या सुनेनं दोन कोस लांबून कळशीनं पाणी आणलं होतं. बाटलीतल्या नमुन्याचा अहवाल केव्हाच आला होता: गोडं पाणी. पण ड्रम मुद्देमालात होता, आणि मुद्देमाल सोडवायला कोणी अर्ज केला नव्हता. कोण करणार? पंचनाम्याची प्रतच तिच्याकडे नव्हती.

मी अर्ज लिहून दिला, तिच्या अंगठ्यानिशी कोर्टात दाखल केला. त्या कामासाठी सात खेपा झाल्या. ज्या टेबलाच्या एका बाजूला मी सारी नोकरी काढली, त्याच्या दुसऱ्या बाजूला कसं वाटतं ते त्या सात खेपांत समजलं. मुद्देमाल कारकून म्हणाला, "काका, एका ड्रमसाठी कशाला उन्हात फिरता?" आणि शेजारचा हसला. त्या हसण्याचा सूर मला ओळखीचा होता. या प्रकरणानं मला शिकवलं असेल तर ते इतकंच: ज्या तक्रारीवर सगळं ठाणं हसतं, ती आधी लिहून घ्यावी. चिखलात जन्म काढलेल्या माणसाला चिखलाची खबर आपल्या आधी लागते, आणि ती तो त्याच्याच शब्दांत सांगणार. माझ्या नोकरीत अशा किती तक्रारी चहाबरोबर गेल्या, त्याचा मला पत्ता नाही.

आदेश मिळाल्यावर टेम्पोतून ड्रम घेऊन गेलो. काकीनं बोटाच्या पेरानं तो वाजवला, आत डोकं घालून वास घेतला. भांडारात त्याच्यात उंदीर राहून गेले असावेत.

"पिण्याला नाही चालणार," ती म्हणाली. "बिया भिजवायला चालेल."

मी ताब्यात मिळाल्याची पावती पुढे केली. "इथे अंगठा लागेल, काकी. कोर्टात परत द्यायची आहे."

"लई गया तारे तो कंई नी आप्युं," ती म्हणाली. नेलं तेव्हा तर काही दिलं नव्हतं. तिनं हात पदराखाली घेतला. "आधी तुम्ही लिहा."

"काय लिहू?"

"लेवटी गई हती, ते."

मी आयुष्यभर घासाघीस केली आहे. समोरचा हलणार नाही हे मला चेहऱ्यावरून कळतं. ड्रमवर कागद ठेवला आणि पावतीच्या पाठीमागे लिहिलं: सदर बाईंनी ठाण्यात येऊन खाडीतील लेवटी नाहीशी झाल्याची खबर दिली होती, ती नोंदवून घेतली नाही. खाली सही केली, हुद्दा लिहिला, हुद्द्यापुढे निवृत्त असं लिहिलं. तिनं ते सुनेकडून दोनदा वाचून घेतलं. मग अंगठा दिला.

कोर्टातल्या कारकुनानं कागद उलटून पाहिला आणि विचारलं, "हे मागे काय आहे, काका?"

"फिर्याद," मी म्हणालो. "दाखल करून घ्या."